1986 ची फियाट आणि चासी नंबरातला तीन की आठ

ऑक्टोबर 2023 च्या शेवटी मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची बातमी आली, 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवला नोंदलेली टॅक्सी, वीस वर्षं भरली म्हणून बंद, आणि आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर ज्यांनी आयुष्यात फियाटचा दरवाजासुद्धा उघडला नाही ते पण हळहळायला लागले. मी हळहळलो नाही. मी त्याआधी चार महिने फियाट शोधत होतो आणि मला एवढंच कळलं की आता भाव वाढणार. वाढलेच.

फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी बरं का. नाव 1974 पासून पद्मिनी आहे, त्याआधी डिलाइट, मग प्रेसिडेंट, कंपनी वालचंदांची, कारखाना कुर्ल्याला, पण पुण्यात आजवर कोणी 'पद्मिनी काढली' म्हणल्याचं मी ऐकलं नाही, फियाटच म्हणतात. 1089 सीसीचं इंजिन, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास, म्हणजे आजच्या बहुतेक लहान गाड्यांपेक्षा पण कमी, चारी चाकांना ड्रम ब्रेक आणि स्टेअरिंगखाली हाताचा गिअर. मला तो हाताचा गिअरच हवा होता. नंतरच्या काही मॉडेलला खाली गिअर आला, ती नको.

बजेट दीड लाख, रिपेअर धरून. बायकोच्या दोन अटी, कर्ज काढायचं नाही आणि पार्किंगवरून सोसायटीत भांडायचं नाही. दुसरी जास्त अवघड होती.

पहिली गाडी बघितली ती हडपसरच्या पुढे एका जुन्या गाड्यांच्या लॉटमध्ये. क्रीम कलर, चकचकीत, टायर काळे कुळकुळीत पॉलिश मारलेले, डीलर म्हणाला शोरूम कंडिशन, एक हात वापरलेली, दोन लाख दहा. भवानी पेठेत माझ्या ओळखीचे एक मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात, त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की गाडी बघायला जाताना दुसरं काही नेऊ नका, एक लोहचुंबक न्या आणि त्याला पातळ कापड गुंडाळा म्हणजे पेंटला चरा पडणार नाही. मी घरातून फ्रिजवरचं मोरगावच्या गणपतीचं मॅग्नेट नेलं. बॉनेटला चिकटलं. दरवाजाला वर चिकटलं, खाली आणलं तर पटकन निसटलं. मागच्या मडगार्डला लावलं तर गणपती सरळ माझ्या चपलेवर. म्हणजे तिथे पत्रा नाहीच, नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय. ह्या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते, बॉडी हीच चासी, त्यामुळे मडगार्डचं एक वेळ चालून जातं पण दाराखालची पट्टी आणि तळ सडला असेल तर गाडी मधून वाकते, मग दारं लागत नाहीत आणि दारं लावायला परत लांबी. मी वाकून तळ बघायला लागलो तर डीलरचा पोऱ्या म्हणे, साहेब कपडे खराब होतील.

कपड्यांचं जाऊ द्या. मागच्या काचेचं रबर एका कोपऱ्यात सुटलं होतं, ते बोटाने जरा उचललं तर आत हळदीसारखा पिवळा पट्टा, छताच्या बाजूला. आणि डिकीच्या झाकणाच्या आत काळा. मी डीलरकडे बघितलं, तो म्हणाला प्रायमर आहे. पिवळा प्रायमर, आणि तो बरोबर छतापुरताच! मुंबईची टॅक्सी क्रीम कलर मारून पुण्यात आणली होती, पेपरचं विचारलं तर 'होऊन जाईल'. ह्या धंद्यात 'होऊन जाईल' ऐकलं की किल्ली परत द्यायची आणि चहा न पिता निघायचं.

त्यानंतर तीन-चार बघितल्या, सगळ्यांचं सांगत बसत नाही. एक दिल्लीची होती, तेव्हा तिकडे पेट्रोल गाडी पंधरा वर्षांवर चालवता येत नव्हती म्हणून स्वस्तात निघायच्या, पण तिची तिकडची एनओसी मालकाच्या मेहुण्याच्या मित्राकडे होती. एकीत कोणीतरी डिझेल इंजिन बसवलेलं आणि आरसीवर पेट्रोल. एक साताऱ्याजवळची खरंच सुंदर होती, मालकाला विकायचीच नव्हती, त्यांना फक्त कोणीतरी बघायला यायला हवं होतं, दोन तास बसलो, मिसळ खाऊन आलो.

मधेच एकाने सल्ला दिला की व्हिंटेजमध्ये नोंदव, भारी नंबर मिळतो. हे लोक अर्धवट ऐकून बोलतात. 2021 चा नियम आहे, गाडी पन्नास वर्षांच्या वर पाहिजे, मूळ रूपात पाहिजे, नवीन नोंदणीची फी 20,000, मग नंबरात व्हीए अशी अक्षरं येतात, पण ती गाडी रोज वापरायची नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, मेंटेनन्स एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. मला गाडी मंडईत भाजी आणायला पाहिजे होती.

खरी गाडी मिळाली ती रद्दीवाल्याकडून, म्हणजे त्याने सांगितलं. जानेवारी 2024. प्रभात रोडच्या आतल्या एका गल्लीत बंगला, रिडेव्हलपमेंटला गेलेला, मार्चअखेर रिकामा करायचा, आणि गॅरेजमध्ये फियाट, चार वर्षं कोणी हात लावला नाही. मालक 2020 साली गेले. घरात काकू एकट्याच, वय अठ्ठ्याहत्तर.

मी मनात ठरवून गेलो होतो की काकू रडतील वगैरे, आपण जपून बोलायचं. काकूंनी दार उघडून आधी विचारलं, "एजंट आहात का?" नाही म्हणल्यावर, "मग चपला बाहेर काढा." गाडीबद्दल त्यांचं मत स्पष्ट होतं. "जीव ह्यांचा होता तिच्यावर, माझा नाही. महाबळेश्वरला जाऊन येऊन माझी कंबर गेलीय तिच्यात. नव्वद हजार, आणि कमी करणार नाही, आधीच सांगते म्हणजे तुमचा वेळ जायला नको."

गॅरेजचं शटर वर केलं. निळी फियाट, 1986 ची, चारी टायर बसलेले, टपावर जुन्या गाद्या, डाव्या दाराला टेकवून शिडी. चुंबक काढलं. गणपती सगळीकडे चिकटला. मागच्या डाव्या चाकाच्या वर हाताएवढी जागा सोडली तर अख्खी गाडी पत्र्याची होती. तळाला गंज होता पण बोटाने दाबून आत जात नव्हता. आतमध्ये बाकासारखी सलग सीट, तिच्यावर काकूंनी कधीतरी शिवलेलं चौकटीचं कव्हर. मला घाम फुटला, कारण आवडलंय हे तोंडावर दिसू द्यायचं नसतं आणि मला ते जमत नाही.

काकूंची एक अट होती. "गाडी नेणार असाल तर गॅरेजमधलं सगळं न्यायचं. मला भंगारवाल्याशी घासाघीस करायला वेळ नाही." सगळं म्हणजे तीन टायर, एक तुटका जॅक, पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, पट्ट्या, आणि बोर्नव्हिटाचे अकरा डबे. म्हणलं नेतो. मनात म्हणलं कुठून ही ब्याद. घरी जाऊन डबे उघडले तर प्रत्येकात पेपरात गुंडाळलेले पार्ट, वर पेन्सिलने नाव लिहिलेलं. पॉइंट, कंडेन्सर, गाडीतल्या पेट्रोल पंपाचे पडदे, व्हील सिलेंडरचे वॉशर, आणि एका डब्यात मागच्या लाइटच्या दोन लाल काचा, नव्या, कधीच न बसवलेल्या. पॉइंट आणि प्लग नाना पेठेत आजही मिळतात. ती काच मला जुन्या बाजारात तीन रविवार आणि एक बुधवार फिरून पण मिळाली नसती. चाचांनी काच उजेडात धरली आणि म्हणाले, "साहेब, ह्या डब्यांवर गाडी फुकट मिळालीय तुम्हाला."

पण मला वाटतं गाडी फुकट कशावर मिळाली असेल तर ती काकूंच्या एका फाईलवर. त्याचं सांगतो.

आरसी काकांच्या नावावर, काका नाहीत. म्हणजे गाडी थेट माझ्या नावावर होत नाही. आधी फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर, म्हणजे काकूंच्या, मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती, मग काकूंकडून माझ्याकडे फॉर्म 29 आणि 30. मुलगा न्यू जर्सीला, मुलगी नाशिकला. मुलीचं ॲफिडेव्हिट दोन दिवसांत आलं. मुलाचं सात आठवड्यांनी, कारण त्याने पहिल्यांदा पाठवलं त्यात गाडीचा नंबरच चुकीचा टाकला होता. काकू फोनवर त्याला म्हणाल्या, "इंजिनिअर ना रे तू?"

त्यात गाडीचा नंबर जुना, तीन अक्षरी, एमएच सुरू व्हायच्या आधीचा. नोंदणीचं शेवटचं रिन्यूअल 2016 चं, जुन्या आरसी बुकात शिक्का मारून, ते संपलं 2021 ला. ऑनलाइन बघितलं तर गाडी सापडतच नाही, अशी गाडी अस्तित्वातच नाही असं म्हणायला हरकत नाही. अशा गाड्यांची आधी बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते, म्हणजे जुन्या रजिस्टरवरून सगळा तपशील कॉम्प्युटरमध्ये चढवायचा, तो चढल्याशिवाय पुढची एकही फी भरता येत नाही. मी एक एजंट धरला. त्याने सहा हजार घेतले, फॉर्म भरले आणि पंधरा दिवसांनी फोन उचलणं बंद केलं. चूक माझी, पावती मागितली नव्हती. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "मी पहिल्या दिवशी विचारलं होतं एजंट आहात का. उगाच नव्हतं विचारलं."

मग स्वतः संगम पुलाजवळ आरटीओला गेलो, सुट्टी टाकून. खिडकीतल्या बाईंनी बुक हातात घेतलं, भिंगाशिवाय वाचायचा प्रयत्न केला आणि म्हणाल्या, हा चासी नंबरातला आकडा काय आहे, तीन की आठ? बुकावर शाईने लिहिलेलं, त्यावर कधीतरी पाणी पडलेलं, तीन म्हणलं तर तीन, आठ म्हणलं तर आठ. एजंटने तीन लिहिला होता. मी म्हणलं गाडीवर बघून सांगतो.

गाडी तोपर्यंत क्रेनने चाचांच्या गॅरेजला आणली होती. बॉनेट उघडलं, आतल्या पत्र्यावर नंबर असतो तिथे निळा ऑइलपेंट, काकांनी घरीच ब्रशने मारलेला, दोन हात तरी असतील. मी पॉलिशपेपर उचलला तर चाचांनी हातातून काढून घेतला. कधी नव्हे ते ओरडले. नंबरावर पॉलिशपेपर मारला की चरे पडतात, आणि चरे पडलेला नंबर दिसला की साहेब लोकांना पहिली शंका येते की कोणीतरी घासून बदललाय, मग चोरीची गाडी आहे का इथपासून सुरुवात. त्यांनी थिनरमध्ये कापूस बुडवला आणि एकेक आकडा, कान साफ करावा तसा, पुसत गेले. पाऊण तास. कापसाचे बोळे निळे होऊन खाली पडत होते, मी टॉर्च धरून उभा, आणि हळूहळू पत्र्यात खोल उमटलेले आकडे वर यायला लागले. आठ होता.

आठ आहे हे मला दिसलं, पण माझ्या दिसण्याला काय किंमत. बुकात वेगळं वाचलं जातंय, फॉर्मवर तीन आहे, गाडीवर आठ. काकूंकडे गेलो. त्यांनी कपाटातून एक कापडी बांधणीची फाईल काढली, वर 'वाहन' लिहिलेलं. त्यात 1986 चं विक्रीचं बिल, टाइप केलेलं, आठ. पहिल्या इन्शुरन्सचा कागद, आठ. आणि सगळ्यात भारी म्हणजे 2001 च्या रिन्यूअलच्या वेळी घेतलेला पेन्सिलचा ठसा, पातळ कागद नंबरावर ठेवून पेन्सिल घासतात ना तो, स्टेपल करून ठेवलेला, त्याच्यावर आठ उमटलेला स्पष्ट. ज्या बाईला गाडी डोळ्यासमोर नको होती तिने अडतीस वर्षांचा एक कागद हरवला नव्हता. म्हणलं काकू, हे सगळं तुम्ही ठेवलंत? "मग कोण ठेवणार? ह्यांचं लक्ष इंजिनात. मूळ कागद न्या, पण आधी झेरॉक्स काढून आणा, माझ्या फाईलला लागतात." कोपऱ्यावर जाऊन बासष्ट झेरॉक्स काढल्या.

खिडकीतल्या बाईंनी तो 2001 चा ठसा आणि आम्ही नवीन काढलेला ठसा शेजारी शेजारी धरले आणि पहिल्यांदा हसल्या. एन्ट्री झाली.

पुढचं ओटीपीचं प्रकरण. गाडी नावावर करायच्या ऑनलाइन अर्जाचा ओटीपी काकूंच्या मोबाइलवर येणार, काकू दुपारी झोपतात आणि झोपताना फोन दुसऱ्या खोलीत उशीखाली, दोनदा मुदत संपली. तिसऱ्यांदा मी सकाळी साडेदहाला त्यांच्या डायनिंग टेबलवरच लॅपटॉप घेऊन बसलो, त्यांनी आकडे मोठ्याने वाचले, मी टाकले, झालं.

इकडे चाचांचं काम. चार वर्षं बंद गाडीला नुसती बॅटरी लावून सेल मारायचा नाही, हे लिहून ठेवा कोणी घेणार असाल तर. प्लग काढून चारी भोकांत चमचा चमचा ऑइल सोडलं, दोन दिवस तसंच, मग हाताने इंजिन फिरवून बघितलं. फिरलं. टाकीतलं पेट्रोल काढलं तर वार्निशचा वास. एअर फिल्टरमध्ये उंदराचं घरटं, त्यात गाद्यांचा कापूस आणि पेपराचे तुकडे, एका तुकड्यावर कोड्याचं उत्तर भरलेलं होतं. ब्रेकची सिलेंडर चारी जाम. क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसलेली, त्यावर चाचांचा उपाय असा की ब्रेक झाल्यावर मागची चाकं जॅकवर हवेत उचलायची, गिअर टाकूनच स्टार्ट मारायचा आणि क्लच दाबून धरून एकदम ब्रेक. तिसऱ्या झटक्याला 'टक्' आवाज आला आणि सुटली. इंजिनचा जॉब, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्ती, करावा लागला नाही, फक्त कार्बोरेटर खोलून साफ, रेडिएटर, होस, ब्रेक, टायर आणि चाकावरच्या त्या हाताएवढ्या जागेचं टिंकरिंग. एकोणपन्नास हजार झाले, पार्ट बरेचसे डब्यातले असून.

इन्स्पेक्शनला गाडी क्रेनवरच नेली, नोंदणी संपलेली गाडी चालवत नेऊन शहाणपणा कोण करणार. साहेबांनी लाइट, इंडिकेटर, हॉर्न, हँडब्रेक बघितला, मोबाइलच्या उजेडात नंबर बघितला, मग म्हणाले जरा चालवून दाखवा, आणि मी घाबरून हाताचा गिअर पहिल्याऐवजी तिसऱ्यात टाकला, गाडी ठप्प. ते म्हणाले, "आमच्या वडिलांकडे होती, सरका." स्वतः एक चक्कर मारून आले. बाकी कशावर काही बोलले नाहीत.

खर्च म्हणाल तर 2024 ला रिन्यूअलची फी 5,000 होती, पर्यावरण कर 3,000, आणि 2021 पासूनच्या उशिराचा दंड महिन्याच्या हिशोबाने, तोच सगळ्यात मोठा, सगळं धरून तीस हजारांच्या आसपास. इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी, हजार ते दीड हजार सीसीचा तेव्हा 3,416 अधिक जीएसटी होता. दीड लाखाचं बजेट अर्थात कधीच मेलं होतं. बायकोला आकडा हप्त्याहप्त्याने सांगितला.

जुलै 2024 ला आरसी माझ्या नावावर आली. तेव्हापासून ती सोसायटीत लिफ्टच्या मागच्या कोपऱ्यात उभी असते, रविवारी मंडई, कधी लॉ कॉलेज रोड. सुखाची नाही ती. उन्हाळ्यात गाडीतल्या पेट्रोल पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते, मागच्या मे महिन्यात कात्रजच्या जुन्या घाटात अशीच थांबली, पंपावर ओला रुमाल टाकून वीस मिनिटं बसलो, एकाने थांबून सेल्फी काढला, मदत नाही. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, ते जुन्या रबराला खातं, त्यामुळे पाइप सगळे बदलले आणि पंपाचा पडदा वर्षात दोनदा गेला. डब्यात अजून तीन आहेत.

काकू आता कर्वेनगरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये. एकदा गाडी घेऊन गेलो, म्हणलं चला चक्कर मारू. खाली आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली, सीटचं कव्हर तसंच आहे हे बघितलं आणि म्हणाल्या, "नको, माझी कंबर." गेल्या वर्षी मात्र त्यांचाच फोन आला, सकाळी सातला. जुन्या गाड्यांना ती नवीन हाय सिक्युरिटी प्लेट लावायचीय, पेपरात आलंय, लावलीत का? म्हणलं लावली काकू, 745 आणि वर जीएसटी. पावती आहे? आहे.

"मग येताना एक झेरॉक्स घेऊन या. फाईलला लावते."